फेन्नाच्या बोटांचा वेग

जर्मनीतल्या आमच्या लेअर गावच्या सभागृहात हौशी मंडळी आपापले हातानं बनवलेले कीबोर्ड मांडून बसली होती. माझ्या नातीनं, फेन्नानं, एका परक्या पोराच्या कीबोर्डवर न विचारता बोटं नाचवली.

"हळू... अक्षरं गळतील."

"मग तुमचा कीबोर्ड आळशी आहे."

"लाजरा म्हणा," तो म्हणाला नि कानापर्यंत लाल झाला. तो टियार्क.

फेन्नाची मनगटं दुखायची. महिन्याभरानं, एका सोमवारी, नवी नोकरी सुरू होणार होती – ऐकू न येणाऱ्यांसाठी, कुणी बोलेल ते तिथल्या तिथे टाइप करायचं. टियार्कनं तिच्या हाताच्या मापाचा कीबोर्ड बनवला. पण त्यातही अक्षरं गळायची. एवढ्यावर नोकरी जायची! रोज दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात यायचा, मला फेन्नासारखंच ओमा, म्हणजे आजी, म्हणायचा, कीबोर्डच्या आतला प्रोग्रॅम बदलायचा आणि म्हणायचा, "मी टाइप केलं की नीट चालतं."

चालणारच! दोन बोटांनी बडवत होता मेला.

"कळ खरंच दाबली की नुसता धक्का लागला, याची खात्री करायला कीबोर्ड क्षणभर थांबतो, ओमा. तो क्षण मी जरा वाढवलाय."

सोमवार दोन दिवसांवर आला, त्या शनिवारी माझं डोकं फिरलं. "स्वतःची बोटं काय बघतोस? तिची बघ!"

त्यानं बघितली. बघतच राहिला...

"असं बघितलंस तर चुकेन मी," फेन्ना पुटपुटली.

"ओमांनीच सांगितलंय."

"तो क्षण संपायच्या आतच हिचं बोट कळ सोडतं," म्हणत त्यानं तो क्षण कमी केला. "आता कुणीतरी भरभर बोला."

हे मला सांगायचं? मी सुटलेच! "महिना झाला माझा चहा ढोसतोयस, साखरेचे खडे संपवलेस, क्रीम संपवलंस. कीबोर्ड दुरुस्त झाला की कुठल्या निमित्तानं येणार आहेस, गाढवा?"

फेन्नाची बोटं माझ्या तोंडामागे धावली. पडद्यावर सगळं उमटलं, गाढवासकट.

टियार्कनं मोठ्यानं वाचलं. "एकही अक्षर गळलं नाही..."

"मग उत्तर दे की," फेन्ना म्हणाली. मान मात्र खाली.

"निमित्त नको मला. तू... तू हवीस."

तिनं कळांवरचे हात उचलून त्याच्या हातात दिले. "एवढं बोलायला महिना?"

"खात्री करत होतो."

"माझी तर त्या सभागृहातच झाली होती."

घ्या! आणि मी इकडे घसा फोडतेय.