येऊ का?

जनाच्या थोरल्या भावाचं लग्न झालं ते साल २०५८. वैशाखाचे दिवस. दारी मांडव पडायच्या आधी घरातलं प्रत्येक माणूस तालुक्याला जाऊन अंतरकौल लावून आलं होतं. तेव्हा रीतच तशी होती. देवळातला कौल देवाचं मन सांगतो, हा आपलंच सांगायचा. आपण 'ठरवलं' म्हणतो त्याच्या क्षणभर आधी शरीराचं ठरलेलं असतं. नाडी, बुबुळं, तळहाताचा घाम यांवरून यंत्र ते टिपायचं. प्रश्न मात्र ज्याचा त्याने तोंडाने विचारायचा.

जना एकोणीस वर्षांची होती. दूर समुद्रात, पाण्याखालच्या शैवालशेतीवर तिला बोलावणं आलं होतं. घरी बाप हिरू तांडेल आणि खाडीपार माणसं नेणारी त्याची होडी.

तिने यंत्रासमोर विचारलं. कारकुनाने कागद वाचून दाखवला : "घरी परत जा म्हणतंय." जनाला नवल वाटलं, पण स्वतःच्याच मनापुढे काय बोलणार?

"आलीस? बरं झालं गो," बापाने वल्हं पुढे केलं. "माझे खांदे गेले बघ."

साठीला आल्यावर जना अक्षरं शिकली. पेटीतला तो कागद तिने बोट ठेवत वाचला. वर छापलेला प्रश्न तिने विचारलाच नव्हता. ती तडक तालुक्याच्या कौलकेंद्रावर गेली. तिथे डॉक्टर वैजयंती कारखानीस होत्या.

"तुम्ही 'येऊ का?' असं विचारलंत," जुनी नोंद ऐकून डॉक्टर म्हणाल्या. "यंत्राने त्याचा अर्थ 'घरी परत येऊ का?' असा लावला. शरीर होय म्हणत होतं. शंभरात शहाण्णव."

"घरातून निघताना 'जाऊ का?' कोण विचारतं गो बाय? जातं ते मेलेलं माणूस! तुमच्या यंत्राला आई नव्हती काय?"

डॉक्टर ओशाळल्या.

"म्हणजे मला जायचं होतं. मग चाळीस वर्षं वल्हं मारताना एकदाही रडू कसं आलं नाही?"

"पुन्हा बसून बघा."

जना बसली. "तेव्हा मला जायचं होतं का?"

यंत्राने उत्तर दिलं : नाही. शंभरात नव्याण्णव.

"खोटं बोलतंय मेलं!"

"नाही, जनाबाई. ते आजचं मन वाचतं. कौल हाती पडला, की मन हळूहळू त्याच्यासारखं होत जातं. आधीचं मन कुठे उरत नाही."

"आणि ती एकोणीस वर्षांची पोर?"



जनाने टेबलावरचं पेन घेतलं आणि कागदाच्या पाठीवर सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं :

जना हिरू तांडेल, वय एकोणीस, २०५८ सालच्या वैशाखात वारली.