शेजारच्या खाटेवरचे गुडघे

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा...

भर दुपार. मुलांच्या वॉर्डातली कोपऱ्यातली खोली. दोन लोखंडी खाटा. एकीवर माझी सात वर्षांची नात.

कल्पना फक्त खोलीची करायची बरं का. पुढचं सगळं खरं आहे. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो.

नातीचे गुडघे सुजायचे. आपल्या अंगात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात. तिचे पहारेकरी तिच्याच सांध्यांवर तुटून पडले होते. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा ना.

शेजारच्या खाटेवर तोच आजार झालेला एक मुलगा होता. सगळे त्याला लाडाने भोपळ्या म्हणत.

दोघांवर नव्या औषधाचा प्रयोग चालू होता. अशा प्रयोगात काही मुलांना औषध टोचतात, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे टोचणाऱ्या नर्सलाही ठाऊक नसतं.

नात हळूहळू चालू लागली.

भोपळ्याची सूज हृदयापर्यंत गेली.

त्याच्या वाट्याला पाणी आलं होतं, हे मागाहून कळलं.

तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी नातीचे गुडघे पुन्हा टम्म फुगले. नर्सने अंगठ्याने दाबून पाहिलं, तशी पोर कळवळली. नर्स घाईघाईने डॉक्टरांना बोलवायला गेली.

खोलीत आम्ही दोघंच.

पंखा बंद होता. खिडकीही बंद.

तरी... रिकाम्या खाटेवरची चादर हलली.

चादरीखालून दोन उंचवटे वर आले. गुडघ्यांएवढे.

मी चादर ओढली. खाली काहीच नव्हतं.

चादर सोडली...

उंचवटे परत आले.

नात लंगडत तिकडे गेली. नर्ससारखाच अंगठा तिने एका उंचवट्यावर टेकवला आणि दाबला.

खाटेतून कण्हणं आलं... भोपळ्याचंच.



आणि माझ्या डोळ्यांदेखत नातीच्या उजव्या गुडघ्याची सूज ओसरली.

"सोड गं बाळा," मी म्हणालो. "दुखतंय त्याला."

"तो मेलाय ना, आजोबा? मग दुखू दे की."

कण्हण्याचं रडणं झालं. मग हुंदके... मग नुसतीच उचकी.

नातीने आपल्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं. तो अजून तसाच होता.

ती त्या खाटेवर चढली, आणि दुसऱ्या उंचवट्यावर सगळा भार टाकून बसली.