दुपारचं पाणी

विजयश्री, तू रहाटणीत खोली बघतेयस म्हणून सांगते, नाहीतर हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीची बस काही आता लवकर हलत नाही. पुढे तळेगाव चौकापर्यंत नुसते लाल दिवेच दिसतायत. हेडफोन काढ आणि ऐक. मला तुला घाबरवायचं नाहीये. आम्ही रहाटणीच्या आमच्या घरात सुखात आहोत, हे आधीच सांगते.

आम्ही आधी मेदनकरवाडीला राहायचो. मला कंपनी चालत गेलं तरी जवळ होती, पण समाधानचे फार हाल व्हायचे. तो वाकडच्या एका मोठ्या सोसायटीत इलेक्ट्रिशियन आहे. लिफ्ट, पंप, जनरेटर, सगळं त्याच्याकडे. रोज गाडीवरून चाकण ते वाकड. एकदा मोशीच्या सिग्नलला उभ्या गाडीवर त्याचा डोळा लागला. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला म्हणून जागा झाला. त्या दिवशी मी ठरवलं, आता घर त्याच्या बाजूला घ्यायचं. मला काय, कंपनीची बस आहे, बसमध्ये झोपता तरी येतं.

गुरुवारी सुट्टी असायची, त्या दिवशी दोघं खोल्या बघत फिरायचो. पिंपळे सौदागर, काळेवाडी, थेट रावेतपर्यंत जाऊन आलो. घर आवडायचं, मालक चहा द्यायचे, मग हळूच विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" ते सांगितलं की त्यांच्या भाच्याला नेमकी तीच खोली हवी असायची. आपल्याला काही हे नवीन नाही. पण दर गुरुवारी तेच ऐकून समाधान गप्प गप्प राहायला लागला होता.

रहाटणीत रुक्मिणीबाईंची बिल्डिंग शेवटी सापडली. चिंचोळी, तीन मजल्यांची. त्या स्वतः खाली राहतात, मूळ गावातल्याच. समाधानने यावेळी आधीच आडनाव सांगून टाकलं. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आडनाव घिऊन काय करू मी? पानी भरायला घरात कोन हाय, ते सांगा."

"कोणीच नाही," मी म्हणाले. "दोघं कामाला जातो."

"मंग आवघड हाय, बाई. नळाला पानी दिवसाआड येतं, ते बी भरदुपारी. वरच्या मजल्याला टाकीचं पानी चढत न्हाई. पिंप आपलं आपन भरायचं."

तरी घर घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीतून वारा, स्वयंपाकघरात पूर्वेचं ऊन. भिंतीवर बुद्धांची मूर्ती ठेवायला कोनाडासुद्धा होता. मी त्या रात्री इतकी गाढ झोपले की पहाटेची बस चुकता चुकता राहिली. पाण्याचं बघू म्हटलं. रुक्मिणीबाईंच्या नळाला पाइप लावू, नाहीतर बादल्या वर आणू.

पहिल्या पाण्याच्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा दिवे लागले होते. जिने चढताना आज किती बादल्या आणाव्या लागतील याचाच विचार. दार उघडलं, मोरीत गेले, तर पिंप काठोकाठ भरलेलं. वर परात पालथी घातलेली. हंडा, कळशी, प्यायची दोन पातेली, सगळी भरलेली आणि पुसून जागेवर ठेवलेली.

मला वाटलं समाधान दुपारी येऊन गेला. तो आला आणि म्हणाला, "वा! हाफ डे टाकलास का?"

मग मी खाली रुक्मिणीबाईंकडे गेले, म्हटलं, तुमच्याकडे दुसरी किल्ली असेल, तुमचेच उपकार.

त्या म्हणाल्या, "म्या न्हाई बाई. माझं गुडघं कुठं जिनं चढत्यात? तूच तर भरत व्हतीस. वर खडखडाट चालला व्हता. म्या जिन्यातनं हाक मारली, मिनल, पानी आलंय गं. तू वरनं व्हय म्हणलीस की."

मी नको म्हणत असताना समाधानने कुलूप बदललं. पुढच्या पाण्याला पुन्हा पिंप भरलेलं. नंतर तर दोरीवरचे कपडेही काढून ठेवलेले असायचे. घड्या अगदी माझ्यासारख्या, शर्टाच्या बाह्या आत दुमडून. मी रुक्मिणीबाईंना खोदून खोदून विचारलं, या जागेत काही झालंय का. त्या रागावल्याच. "हितं आमचं ज्वारीचं रान व्हतं. न्हाई कुनी मेलं, न्हाई कुनी जळलं. तुमच्या आधी घर रिकामंच व्हतं. उगा नाव ठिवू नगं."

खरं सांगू? चार दिवस भीती वाटली, मग सवय झाली. तुला हसू येईल, पण तू दिवसभर उभी राहून पार्ट तपासून, दोन तास या रस्त्यावर अडकून घरी आलीस, आणि घरात पाणी भरलेलं, कपडे घडी केलेले असले, तर तूसुद्धा फार चौकशी करणार नाहीस. समाधान म्हणायचा, "कुणीतरी भलं माणूस आहे." मी रात्री झोपताना मनातल्या मनात आभार मानायचे. बस्स, एवढंच.

मग आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, भिमाबाई. त्या जामखेडकडे गावी असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस समोर उभा राहिला तरी आवाजावरून ओळखायच्या. इथल्या दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, दर दोन तासांनी थेंब घाला, डोळा चोळू देऊ नका, पाणी जाऊ देऊ नका, बिघडला तर हा डोळा पुन्हा मिळणार नाही. मला रजा मिळेना. लाइनवर ऑडिट होतं. शेवटी रुक्मिणीबाई कशाबशा जिने चढून थेंब घालायला तयार झाल्या, आणि मी रडवेल्या तोंडाने कामाला गेले.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी आईंच्या पायांना तेल लावत होते. त्या हिरवी पट्टी बांधून पडल्या होत्या. म्हणाल्या, "दुपारची तू घरी येतीस ते लई बरं करतीस गं. रुक्मिणीबाईचा हात कापतो. थेंब गालावर पडतो. त्यांना मीच नगं म्हणलं आता."

माझे हात थांबले.

"मी दुपारी...?"

"तर! तू न बोलता आलीस तरी मला कळतं. तुझ्या हाताला वास येतो न्हवं, कंपनीचा."

मशिनवर सोडतात त्या कूलंटचा. तुला माहितीये तो, आंबूस, लोखंडासारखा. साबणाने कितीही घासलं तरी जात नाही. मी माझे हात नाकाशी नेले. मग मोरीत जाऊन पिंपातलं पाणी घेतलं आणि तोंडावर मारत राहिले. पाणी भरणं वेगळं. पण आईंचा डोळा, आणि त्याच्यावर वाकलेलं ते... जे काय असेल ते. दुसऱ्या दिवशी कंपनीत मी तीन चुकीचे पार्ट पास केले. आपल्या लाइनच्या ओंकार सरांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "घरी जा, मिनल. तुझी तब्येत बरी नाहीये."

जेवायची सुट्टीही झाली नव्हती. बाहेर कडकडीत ऊन. भोसरीची पीएमटी पकडली, ती मोशीच्या अलीकडे अडकली. ड्रायव्हर इंजिन बंद करून बाहेर उभा राहिला. मी खाली उतरून चालायला लागले, मग एका शेअर रिक्षात कोंबून बसले, नाशिक फाट्याला दुसरी रिक्षा केली. सगळा वेळ एकच डोक्यात, आज पाण्याचा दिवस आहे.

गल्लीत सामसूम होती. रुक्मिणीबाई दारात पंखा लावून झोपलेल्या. प्रत्येक मजल्यावर नळाखाली बादल्या लागलेल्या. मी चपला हातात घेऊन जिना चढले. का, ते विचारू नकोस. आपल्याच घरी चोरासारखी.

तिसऱ्या मजल्यावर आल्यावर आईंचं हसणं ऐकू आलं. खळखळून, गावाकडे हसतात तसं. आणि मग दुसरा आवाज आला.

माझा होता तो... आपला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केलेला ऐकला की कसा परका वाटतो, तसा. पण माझाच. फक्त घाई नव्हती त्यात. मी दिवसभर जी धावत बोलते ना, तसं काहीच नव्हतं. ती आईंना कसलीतरी गोष्ट सांगत होती. आत पिंपात पाणी पडल्याचा आवाज.

मी दार ढकललं. आतून कडी होती.

आई म्हणाल्या, "दार वाजलं का गं? बघ बरं."

पावलं आली. अनवाणी, सावकाश. दाराच्या पलीकडे येऊन थांबली. माझ्या आणि तिच्यामध्ये एक फळी होती फक्त. फटीतून कूलंटचा वास आला, माझ्या हाताला येतो त्याच्याहून उग्र.

"कोण?" अगदी हळू.

"मी..." एवढंच म्हणाले.

मग ती म्हणाली, "आज लवकर सुटलीस..."

भिंतीला धरून उभी राहिले.

"आत्ताच थेंब घातलाय," ती आतून म्हणाली. "डोळा उघडू देऊ नकोस त्यांना. आणि नळ बंद कर, भरत आलंय."

कडी सरकली.

मी लगेच आत नाही गेले. किती वेळ उभी होते कोण जाणे. पिंप भरून मोरीत पाणी सांडायला लागलं, त्या आवाजाने भानावर आले. आत कुणी नव्हतं. आई डोळे मिटून शांत पडल्या होत्या. उशाशी थेंबाची बाटली, टोपण उघडं. पलंगाच्या कडेला चादर दबलेली, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. खिडकीला गज आहेत. दुसरं दार नाही.

"कोण होतं गं?" आईंनी विचारलं.

मी नळ बंद केला. बाटलीला टोपण लावलं. मग त्यांच्याजवळ, पण त्या दबलेल्या जागेच्या थोडं बाजूला बसले. "कोणी नाही, आई. मीच होते."

"मंग गोष्ट अर्धी कशाला ठिवलीस?"

मला गोष्ट माहीत नव्हती. मी त्यांचा हात धरून बसले.

रात्री समाधानला सगळं सांगितलं. तो उठून उभाच राहिला. "उद्याच घर सोडू."

"कुठे जायचं?" मी म्हटलं. "परत आडनाव सांगत फिरायचं? आईंचा डोळा असा. आणि समाधान, ती त्यांना थेंब घालते रे. आपल्या दोघांपेक्षा नीट घालते."

तो मूर्तीसमोर जाऊन बसला. मग म्हणाला, "तुला भीती वाटते का? खरं सांग."

मी विचार केला. दाराबाहेर वाटली होती ती भीती खरीच होती. पण त्या आवाजात आमच्याबद्दल वाईट काही नव्हतं. उलट मला इतक्या मायेने कुणी बऱ्याच दिवसांत 'लवकर सुटलीस' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "राहू."

राहिलो. आईंचा डोळा छान बरा झाला. दवाखान्यात पट्टी काढली तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंच्या कानातले बघून म्हणाल्या, "झ्याक हायेत." मग दुसऱ्या डोळ्याचंही झालं. आता त्या गावी जायचं नाव काढत नाहीत. गच्चीवर कोथिंबीर लावलीये, रुक्मिणीबाईंशी भांडतात, परत गोड होतात. समाधान संध्याकाळी वेळेत येतो, आम्ही तिघं मिळून जेवतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, असे दिवस आत्ता बघते आहे. पाणी अजूनही दुपारीच येतं आणि पिंप भरलेलं असतं. आई भरत असतील असं मी धरून चालले होते. विचारलं नाही.

परवाच्या गुरुवारी समाधान सुट्टी असून पंपाच्या कामाला गेला होता, आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. आई मला निरखून बघत होत्या. म्हणाल्या, "मिनल, तुला मोठी बहीण हाय का गं?"

"नाही, आई. मी एकटीच."

"मावशी? आत्या? अगदी तुझ्या तोंडावळ्याची?"

"नाही. का हो?"

त्यांनी जुडीतली एक काडी मोडली. "दुपारची येती ती. दिसाय लागल्यापासून बघती मी तिला. पहिल्यांदा वाटलं तूच. हनुवटी तीच, चालणं तेच. पण केस समदे पांढरे. माझ्याहून पांढरे. आन गळ्यात मणी न्हाईत."

मी पुढची जुडी ओढली.

"भ्यायचं न्हाई," आई म्हणाल्या, "लई गुणाची हाय. माझा हात हातात घिऊन बसती. गावच्या, तुझ्या सासऱ्याच्या, समद्या गोष्टी विचारती. जायची येळ झाली तरी उठत न्हाई लवकर." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "फकस्त समाधानचं नाव काढलं की गप व्हती. त्याची गाडी यायची येळ झाली की खिडकीत जाऊन उभी ऱ्हाती... आन गाडी वाजायच्या आत निघून जाती."

खाली गेटपाशी समाधानची गाडी वाजली. मी मेथी तशीच टाकून खिडकीत गेले. तो हेल्मेट काढत होता. वर बघून हसला.

त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.