घाटातलं शेवटचं रीडिंग

बसा रे. लाइट साडेदहाशिवाय काही येत नाही, उगाच अंधारात जिन्यावरून धडपडू नका. गच्चीवर वारा तरी आहे. ऋतुराज, तो मोबाईल खिशात घाल आधी, त्याच्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय. उद्यापासून तुझं ट्रेनिंग ना? महिनाभर साइटवर? जा की, मी कुठं नको म्हणतोय. पण एक ऐकून जा.

तुम्ही खाली ज्या खोलीत राहता ना, त्याच खोलीत दहा वर्षांपूर्वी बसवेश राहायचा. नेसरीचा पोरगा, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. वडील चनबसाप्पा त्याला सोडायला आले तेव्हा काखेत गुळाची ढेप घेऊन आले होते. पोरगं फार गरीब स्वभावाचं. मेसची बाई आमटी वाढायला विसरली तर कोरडी भाकरी खाऊन उठायचं, पण मागायचं नाही. आता मोठा साहेब आहे तो, बेळगावकडं असतो. दिवाळीला अजून आठवणीनं फराळ पाठवतो. मी ओव्हरसिअर म्हणून जन्मभर रस्ते मोजले, म्हणून त्यानं सांगितलेलं मला तरी समजलं. बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं.

शहाण्णव सालचा मे महिना. गगनबावड्याच्या पुढं कोकणात उतरणारा घाट आहे, तिथं रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. कंत्राटदार माझ्या ओळखीचा. त्याला मीच सांगितलं, आमच्या पोराला महिनाभर ट्रेनिंगला घे. मीच सांगितलं बरं का. ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

काम लेव्हल घ्यायचं. आता तुमची यंत्रं निराळी. तेव्हा डम्पी लेव्हल असायची, म्हणजे तिपाईवर बसवलेली दुर्बीण. समोर एक माणूस आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहणार, आपण दुर्बिणीतून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. त्यावरून रस्त्याचा चढउतार कळतो. गंमत एवढीच, की त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. माणूस खाली डोकं वर पाय. डावं ते उजवीकडं. यंत्र बिघडलेलं नसायचं, भिंगंच तशी असायची. नवीन पोरगा दोन दिवस गोंधळतो, मग डोळा सरावतो.

पट्टी धरायला होता आकाराम. पन्नाशीचा, तिथल्याच वाडीतला. वीस-बावीस वर्षं हेच काम केलेला. बसवेशला सगळं त्यानंच शिकवलं. लांबून आवाज पोचत नाही म्हणून हातानं खुणा करायच्या असतात. उजवा हात आडवा केला की पट्टीवाल्यानं त्या बाजूला सरकायचं, डावा केला की डावीकडं. "सायेब, खून करताना काचंतनं डोळा काढायचा," आकाराम सांगायचा. "काचंत बगून हात केला तर मानूस भलतीकडंच जातंय." दुपारी दोघं एका झाडाखाली बसून भाकरी-खर्डा खायचे. बसवेश त्याला मामा म्हणायचा. त्या साइटवर त्याच्याशी माणसासारखं बोलणारा तेवढा एकच होता, कारण तिथला सुपरवायझर म्हणजे चहापेक्षा किटली गरम.

शुक्रवार, सतरा मे. अमावस्या होती, पण त्याचं काही नाही, भुतं काय कॅलेंडर बघून निघत नाहीत. शनिवारी सकाळी सरकारी साहेब लेव्हल तपासायला येणार होते आणि बसवेशचा हिशोब शेवटी जुळेना. कुठंतरी आकडा चुकला होता. सुपरवायझर म्हणाला, शेवटचा टप्पा पुन्हा घे, नाहीतर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट विसर. एवढं बोलून तो स्वतः कोल्हापूरला निघून गेला. मागं राहिले तिघं. बसवेश, आकाराम आणि जीपचा ड्रायव्हर गणपतराव.

दुपारी वळीव पडून गेला होता. संध्याकाळी दरीतून धुकं वर यायला लागलं. एकच रीडिंग राहिलं होतं, एका वळणावरचं. तिथं दरीकडचा कठडा ढासळलेला होता.

आकाराम म्हणाला, "सायेब, दिस बुडाला. आता ऱ्हाऊ द्या."

"मामा, एकच. एवढं झालं की सुटलो."

"त्या वळनावर मी दिवसाबी रेंगाळत न्हाय. उद्या उजाडतानाच लागू की."

"उद्या साहेब येणार मामा. सर्टिफिकेट नाही मिळालं तर माझं वर्ष जाईल."

आकारामनं पोराकडं बघितलं. मग पट्टी खांद्यावर घेतली. "तुमचं वरीस जाऊ दे म्हनायला मी काय वैरी हाय व्हय?" असं म्हणाला आणि वळणाकडं चालू लागला. साठ-सत्तर पावलांवर जाऊन उभा राहिला.

गणपतराव जीपपाशी बिडी ओढत होता. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. बसवेशनं घड्याळ बघून वहीत वेळ टाकली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

आकाराम दिसला. उलटा, रोजच्यासारखा. डोकं खाली, चपला वर. धुक्यातनं आकडा कसाबसा लागला. बसवेशनं तो लिहिला. खात्री करावी म्हणून पुन्हा डोळा लावला.

आकारामच्या शेजारी कुणीतरी उभं होतं.

त्याला वाटलं, कुणी वाटसरू असेल. बसवेश आकडा वाचायला लागला... आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

तो माणूस सुलटा होता.

रस्ता उलटा. डोंगर उलटा. आकाराम उलटा. आणि त्याच्या शेजारी तो... डोकं वर, पाय खाली. सरळ उभा.

बसवेशनं डोळा काढला. वळणावर आकाराम एकटाच होता. पट्टी धरून याच्याकडं बघत होता.

पुन्हा डोळा लावला. होता. दरीच्या बाजूला, एका पावलावर. तोंड दिसत नव्हतं. पांढरा सदरा... आणि एक हात. तो हात हळूहळू हलत होता. ये... असा.

पट्टीचं टोक हललं. आकाराम त्या बाजूला एक पाऊल सरकला.

बसवेश ओरडला, "मामा! थांबा!" पण घाटात संध्याकाळचा वारा खालून वर येतो. आवाज तोंडातून बाहेर पडला की मागंच जातो.

मग त्यानं हात केला. आकारामला डोंगराकडं घ्यायचं होतं. नुसत्या डोळ्यानं बघितलं तर दरी डाव्या हाताला होती. दुर्बिणीत उजव्या. आणि त्याचा डोळा दुर्बिणीला होता... हात कुठला केला, ते पोराला आठवत नाही. आजपर्यंत आठवत नाही.

आकारामनं हात बघितला. मान हलवली, समजलं म्हणून. आणि सरकला.

दरीकडं.

बसवेशनं दुसरा हात केला. आकारामनं पुन्हा मान हलवली. आणखी एक पाऊल. दोन्ही हात केले, नाचला, ओरडला. आणखी एक. मग त्यानं हात सोडले. मांड्यांना घट्ट दाबून धरले. काहीच करायचं नाही म्हणून नुसता उभा राहिला.

आकारामनं मान हलवली...

काचेत पट्टी दिसेना. आकाराम दिसेना. आवाजसुद्धा आला नाही.

तो तेवढा होता. सुलटा. तो आता वळला होता, दुर्बिणीकडं तोंड करून. त्यानं हात वर केला. ये...

बसवेश पळत सुटला.

पुढचं मला गणपतरावानं सांगितलं. तो म्हणाला, "सायेब धुक्यात पळालं, त्ये गेलंच. मी हाका मारल्या. बॅटरी घिऊन वळनापातूर गेलतो. तितं कुनी न्हाय. आकाराम न्हाय, सायेब न्हाय. अर्धा तास मी एकटाच. मग सायेब आलं."

"कुठून आला?" मी विचारलं.

गणपतरावाची बिडी विझली होती ती पुन्हा पेटवली. "कठड्याच्या पल्याडनं, आन्ना. दरीतनं वर. तितं पाय ठिवाय जागा न्हाय. अंगाला खरचाटा न्हाय, कापडाला चिखल न्हाय. मला म्हनालं, गनपतराव, मामा पडलं. दोन मिनिटं झाली असतील, म्हनालं."

आकाराम दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. फार खाली. त्याची बायको बयाबाई रस्त्यावर बसून होती. पोलिसांनी पाय घसरला असं लिहून घेतलं. सर्टिफिकेट मात्र मिळालं पोराला.

रविवारी रात्री बसवेश इथं आला. तुमच्या त्या खोलीत, भिंतीला पाठ लावून त्यानं मला हे सगळं सांगितलं. सांगताना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. शेवटी एकच विचारलं.

"आण्णा, मी कुठला हात केला असंल ओ?"

"बरोबरच केला असशील," मी म्हणालो. मला काय ठाऊक? पोराची अवस्था बघवत नव्हती, म्हणून तोंडाला आलं ते बोललो. रात्रभर तो तसाच बसलेला होता. मी दोनदा उठून बघितलं.

सोमवारी पहाटे कंत्राटदारानं ती दुर्बीण माझ्याकडं पाठवली. निरोप होता, आण्णा, पोरगं म्हणतंय यंत्रात माणूस सुलटा दिसला, जरा तपासून बघा. मी म्हटलं, बघतो. दारासमोर रस्त्यावरच तिपाई लावली. राजारामपुरीतल्या गल्ल्या तुम्हाला माहीत आहेत, दोरी लावल्यासारख्या सरळ. वर्दळ नव्हती. दूधवाला उलटा गेला, सायकलसकट. कोपऱ्यावरच्या दवाखान्याची पाटी उलटी, कडुनिंब उलटा. यंत्र ठणठणीत होतं. मला हायसं वाटलं. पोराच्या मनाचा खेळ, दुसरं काय.

तेवढ्यात बसवेश बॅग घेऊन खाली आला. घरी चालला होता, नेसरीला. वाकून माझ्या पाया पडला. "येतो आण्णा." हाताचा स्पर्श गार होता, पण पहाटेचं गार पाणी अंगावर घेतल्यावर तसा असतोच. "सांभाळून जा रे," म्हटलं. तो एसटी स्टँडकडं जायला गल्लीनं चालू लागला.

मी सहजच दुर्बिणीला डोळा लावला. स्क्रू फिरवून काच जुळवली.

डोळा काढला. बसवेश चालत होता. बॅग खांद्याला, तेल लावून चापून बसवलेले केस. आपला नेहमीचा बसवेश.

पुन्हा डोळा लावला.

हाक मारावीशी वाटली... मारून काय सांगणार होतो? कुणाला सांगणार होतो?

कोपऱ्यावर पोचल्यावर तो थांबला. वळून माझ्याकडं बघितलं आणि निरोपाला हात वर केला. मी केला नाही. दोन्ही हातांनी तिपाई घट्ट धरून ठेवली.

दवाखाना उलटा. कडुनिंब उलटा. सगळी गल्ली उलटी.

तो एकटा सुलटा.