चारशे बारा पेपरांची भिंत

"उद्या अकराला चौकशी समिती बसणार आणि साडेअकराला मी घरी," संशोधक मुलगी म्हणाली. "सहा वर्षांचं काम पाण्यात. वर लबाड म्हणून शिक्का."

वहिनींनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. परीक्षा मंडळात वीस वर्षं कॉप्या पकडून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता खासगी तपास करत. मदतीला त्यांचा दीर होता. सगळे त्याला भावोजीच म्हणत. भावोजींचा मोठ्या माणसांवर फार विश्वास. वहिनींचा कोणावरच नव्हता.

मुलगी कर्करोग संशोधन संस्थेत होती. एक औषध रोज थोडं थोडं दिलं की उंदरांच्या गाठी आक्रसतात, असा तिचा पेपर नुकताच छापून आला होता. त्यावर प्रमुखांचं नाव घालायला तिने नकार दिला होता. महिन्याभरात संस्थेकडे निनावी पत्र आलं. पेपरमधला सतरा नंबरच्या उंदराचा फोटो खोटा आहे, मूळ फोटो प्रयोगशाळेच्या संगणकावर बघा, असं त्यात होतं. समितीने बघितलं, तर त्या फोटोत गाठ चांगली टपोरी.

"तो फोटो मी ठेवलेलाच नाही. कोणीतरी बदललाय."

"संगणक कोणाकोणाला उघडता येतो?"

"सगळ्यांना. पासवर्ड पडद्याखालीच चिकटवलाय."

वहिनींनी फोटो हातात घेतला. वरून काढलेला होता. उंदराची पाठ, कुशीतली गाठ, डाव्या कानाला छोटी तिकोनी खाच. मग पत्राचं दुसरं पान. 'हे संशोधन नवीनही नाही. पुढील बारा पेपरांत हे आधीच आलं आहे.' खाली बारा शीर्षकं, लेखकांची नावं गाळून.

"हे सगळे प्रमुखांचे वाटतात," मुलगी म्हणाली.

"मग झालं की!" भावोजी म्हणाले. "नाव घातलं नाही म्हणून म्हातारा चिडला!"

"भावोजी, चहा घ्या," वहिनी म्हणाल्या.

प्राण्यांच्या खोलीत पिंजरे ओळीने लावले होते. तिथला राखणदार, ज्याला सगळे उंदीरमामा म्हणत, भुसा बदलत होता. किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या, म्हणून भावोजींनी त्याच्याकडे संशयाने बघून घेतलं.

"औषधवाल्यांच्या उजव्या कानाला खाच, बिनऔषधवाल्यांच्या डाव्या," मामा म्हणाला. "आठ वर्षं झाली, मीच सुरू केलं. आधी शेपटीला शाई लावायचो, ती हे चाटून टाकायचे."

"साहेब लोक येतात का इकडे?"

"मोठ्या साहेबांना वासाने शिंका येतात. उपसाहेब यायचे, पण दहा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर गेले ते गेलेच. या बाई मात्र रोज. रविवारीसुद्धा."

प्रमुखांची खोली वरच्या मजल्यावर होती. त्यांनी आयुष्यात छापलेल्या पेपरांची यादी चौकटीत घालून अख्ख्या भिंतीवर लावलेली. एकूण चारशे बारा. पाठीमागे त्यांना 'चारशेबारा' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं, पण तो सन्मान वाटत असे. काही माणसं नावं ठेवली तरी फुगतात.

"जगभरात माझा उल्लेख एकतीस हजार वेळा झालाय," ते बसायच्या आधीच म्हणाले.

"सगळे पेपर तुम्हीच लिहिलेत?"

"शब्द न् शब्द!"

वहिनींनी पत्रातलं शेवटचं शीर्षक वाचलं. "'मंद वाढीच्या गाठींतील रक्तवाहिन्या.' हा आठवतो?"

"आठवतो म्हणजे? माझा लाडका! दोन वर्षं रक्त आटवलं त्यापायी."

भावोजी भिंतीशी उभे राहून पत्रातली शीर्षकं यादीशी ताडून बघत होते. परतताना कुजबुजले, "वहिनी, अकरा सापडले, एक काही दिसेना. चष्मा बदलायला झालाय माझा."

"पत्र कोणी लिहिलं असेल?" वहिनींनी विचारलं.

"कोणी का असेना, बरंच केलं. मी सहा महिन्यांत निवृत्त होतोय. माझ्या खुर्चीसाठी दोनच नावं होती, ती आणि उपप्रमुख. आता एकच उरलं."

उपप्रमुख शेजारच्या अरुंद खोलीत बसत. इस्त्रीचा शर्ट, नम्र आवाज. मुलीबद्दल फार वाईट वाटतं म्हणाले, तिची हुशारी वाखाणली आणि हळूच म्हणाले, "सरांचा स्वभाव तुम्ही बघितलाच. मी काय बोलणार?"

"तुमचे किती पेपर आहेत?"

"दोनशेच्या वर. सगळ्यांवर पहिलं नाव सरांचं."

"निव्वळ तुमचा एकही नाही?"

"एक आहे. नऊ वर्षांपूर्वीचा. जाऊ द्या, कोण विचारतं."

संध्याकाळी वहिनींनी संस्थेच्या ग्रंथालयात एक पेपर मागवला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढला. भावोजी समोर बसून पेंगत होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सगळे लांब टेबलाभोवती बसले. अध्यक्षबाईंसमोर मुलीच्या बडतर्फीचा कागद टाइप होऊन तयार होता, सहीपुरता उरलेला.

"आधी फोटो बघू," वहिनी म्हणाल्या. "सतरा नंबर औषधवाला उंदीर. त्याची खाच उजव्या कानाला हवी. या फोटोत ती डाव्या कानाला आहे. हा सतरा नंबर नव्हेच. ज्याला औषध मिळालंच नाही अशा दुसऱ्याच उंदराचा फोटो त्या जागी ठेवलाय. ही मुलगी आणि मामा रोज ते कान बघतात, त्यांच्या हातून हे झालं नसतं. ज्याने उंदरांवर शेकड्याने पेपर छापले, पण गेल्या आठ वर्षांत उंदीर बघितला नाही, त्याचं हे काम."

सगळ्यांचे डोळे प्रमुखांकडे वळले. ते आपल्या फोनमध्ये बघत होते.

"मी म्हटलंच होतं!" भावोजी पुटपुटले.

"नाही भावोजी. तुमचा चष्मा ठणठणीत आहे. बारावा पेपर भिंतीवर नाही, कारण तो यांचा नाहीच. तरी काल यांनी तो आपला लाडका म्हणून सांगितला. ज्याला स्वतःचा पेपर कुठला हे कळत नाही, तो बारा शीर्षकांची यादी काय करणार? माझ्या परीक्षेतली पोरं बरी. निदान उतरवण्यापूर्वी उत्तर वाचायची तरी."

प्रमुखांनी फोन खाली ठेवला.

"पत्र लिहिणाऱ्याने संशय सरांवर जावा म्हणून सरांचे अकरा पेपर टाकले. तिथेच थांबला असता, तर मी हात टेकले असते. पण मोह आवरला नाही. बारावा त्याने आपला घातला. काल मी ग्रंथालयात विचारलं. नऊ वर्षांत त्या पेपराचा उल्लेख जगात कोणीही केलेला नाही. पहिला उल्लेख या निनावी पत्रात. तो पेपर आठवणारा माणूस जगात एकच आहे. त्याचा बाप."

अध्यक्षबाईंनी मान वळवून उपप्रमुखांकडे बघितलं. मुलगी गेली, म्हातारा बदनाम झाला, की खुर्ची आपसूक त्यांची. बेत वाईट नव्हता, बेतणाराच कोता निघाला. आता ते नाकारतील, ओरडतील, म्हणून भावोजी सरसावून बसले.

ते टेबलाकडे बघत राहिले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही... वाचलात तो?"

"वाचला," वहिनी म्हणाल्या. "चांगला आहे. म्हणूनच तुमची जास्त शरम वाटते."

उपप्रमुखांनी मान खाली घातली. त्याहून वेगळा कबुलीजबाब कोणी मागितला नाही. अध्यक्षबाईंनी बडतर्फीचा कागद फाडला आणि मुलगी इतक्या वेळात पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसली. तिला रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

प्रमुख उठले. त्यांनी मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला, किटाळ गेलं! आता पुढचा पेपर दोघांच्या नावाने काढू. माझं नाव वर असलं की लोक वाचतात. चारशे तेरावा!"

"काढू की सर," ती डोळे पुसत म्हणाली. "फक्त एक सांगा. औषधवाल्या उंदराची खाच कुठल्या कानाला असते?"

दहा मिनिटांपूर्वी, याच टेबलावर, सगळ्यांदेखत सांगून झालं होतं. अध्यक्षबाई पेन उघडून थांबल्या. दाराशी उभा असलेला मामासुद्धा थांबला.

प्रमुखांनी आधी आपल्या उजव्या कानाला हात लावला, मग डाव्या.

"डाव्या," ते ठामपणे म्हणाले.