पारसिकच्या अलीकडे

जानेवारी १९५३. थंडीतल्या एका रविवारी हौशी मंडळींनी ठाण्याहून कल्याणला जुने लाकडी डबे आणि वाफेचं इंजिन जोडून सहलगाडी न्यायची ठरवली. कल्याणला नदीकाठी जेवण आणि संध्याकाळी परत. नौपाड्यातून आम्ही तिघं भावंडं निघालो: आनंददादा, मी आणि नीला.

नीलाला दमा होता. दिवाळीपासून ती घराबाहेर पडली नव्हती. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण धुरापासून सांभाळा म्हणाले. मी रसायनशास्त्राची पदवीधर. आम्ही शेवटच्या डब्यात बसू, तिथपर्यंत येता येता धूर विरळ होतो, असं आईला समजावून सांगितलं. मोकळ्यावर ते खरंही होतं. बोगदा मात्र कोणालाच आठवला नाही. आमचा जन्म विजेच्या गाड्यांच्या काळातला. पारसिकच्या बोगद्यातल्या अंधारात खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि ओरडायचं, एवढंच ठाऊक.

समोरच्या बाकावर कळव्याचे भिवाजी कोळी बसले होते. ते वडिलांच्या ओळखीचे. दादा त्यांना म्हणाला, "काय काका, आज होडीला सुट्टी?"

"होडीला सुट्टी, बायकोला नाय. ती बोंबिल सुकवते नि मी हवा खातो," ते म्हणाले.

गाडी खाडीच्या पुलावर आली. ऊन कोवळं होतं, पाणी काठोकाठ भरलेलं. नीला खिडकीतून वाकून हात हलवू लागली.

"ताई, ती बाई बघ. हात खाली खाली करतेय."

मलाही दिसली. पुलापासून थोडी दूर, गुडघाभर पाण्यात उभी, कासोटा घातलेली. दोन्ही तळहात पुन्हा पुन्हा खाली दाबत होती.

"कोळीण असेल. जाळं लावत असेल," मी म्हटलं.

भिवाजी वळून बघायला तयार नव्हते. "तिथं कोन उभी ऱ्हाईल, ताई? भरती हाय. दोन पुरुष पानी हाय तिथं."

एवढं बोलून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

इंजिनाने शिट्टी दिली. डोंगर पुढे आला आणि उजेड गेला.

धूर आत शिरला. कोळशाचा, ओला, कडू. दादाने ओरडायला तोंड उघडलं आणि ठसका लागून थांबला. नीलाच्या छातीतली शिट्टी मला ऐकू आली. मी खिडकीकडे झेपावले. जुन्या डब्यातली खिडकीची लाकडी झडप खाली आणायला दोन्हीकडच्या खिट्या एकदम दाबाव्या लागतात. अंधारात मला एकही सापडेना.

तेवढ्यात झडप पडली.

मग शेजारची. मग त्यापुढची. पलीकडच्या रांगेतल्याही. एकामागून एक, घाई न करता.

डब्यात चिखलाचा आणि मिठाचा वास भरला.

नीलाचा श्वास हळूहळू जागेवर आला.

बाहेर उजेड आला तेव्हा सगळे आपापल्या बाकावर होते. भिवाजींचे ओठ हलत होते. झडपा कोणी लावल्या, असं दादाने विचारलं.

कल्याणला उतरल्यावर मी डबा बाहेरून पाहिला. प्रत्येक झडपेवर बाहेरच्या अंगाला तळहाताचा ठसा होता, काळ्या ओल्या चिखलाचा. प्रत्येक ठसा उजव्या हाताचा, करंगळी नसलेला. नीलाच्या खिडकीवर दोन होते.

घरी गेल्यावर मी आईला पहिल्यांदा एवढंच सांगितलं की नीला पोटभर जेवली, नदीत पाय सोडून बसली आणि गायलीसुद्धा.

परतताना ओहोटी होती. बोगद्याआधी झडपा आम्हीच लावल्या. नीलाने आतून झडपेवर तळहात टेकवला.

"सांगू दे की मला तिला, झडपा लावल्यात म्हणून," ती म्हणाली. मी अडवलं नाही. माझ्याही मनात तेच होतं.

अंधार आला आणि गेला. नीलाने हात काढला. कोरड्या लाकडावर तिच्या हाताहून मोठा तळवा ओला उमटला होता, चार बोटांचा.

आतल्या बाजूने.