शिट्टी वाजेपर्यंत

दादा त्या दिवशी जुन्या दफनभूमीकडे निघाला तो कामासाठीच. पिशवीत पत्र्याच्या लहान लहान डब्या, डब्यांत चिठ्ठ्या, आणि सगळ्यांत खाली वडिलांची शिट्टी.

दादा दगडाची डागडुजी करणारा माणूस. कुठल्या थडग्याचा कोपरा निखळला, कुठे अक्षरांत शेवाळ भरलं, की छिन्नी आणि ब्रश घेऊन तो तिथे बैठक मारायचा. मेलेल्यांची त्याला कधी भीती वाटली नाही. जिवंत गिऱ्हाइकांपेक्षा हे बरे, कामाची घाई करत नाहीत, असं तो हसत म्हणायचा. दफनभूमी फार जुनी, पण बघायला येणारी माणसं मोजकीच. म्हणून व्यवस्थापकांनी टूम काढली, की सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांसाठी खजिन्याचा खेळ ठेवायचा. एका थडग्यापाशी कोडं, त्याच्या उत्तरात पुढचं थडगं, आणि शेवटी खजिना. एकेक दगड तोंडपाठ असलेला माणूस एकच, तेव्हा मांडायचं काम दादाकडेच आलं.

आणि कोडी घालायची खोड त्याला लहानपणापासूनची. वडील शाळेत खेळाचे मास्तर होते. दर वाढदिवसाला ते घरभर चिठ्ठ्या लपवायचे, आणि दादा नि बारकी, म्हणजे त्याची धाकटी बहीण, उशा-गाद्या उपसत फिरायची. या खेळाचा नियम वडिलांनीच घातलेला. खेळ मांडणाऱ्याने खुशाल खोटं बोलावं. 'तिकडे नाही, परत फिर,' 'चिठ्ठी पडली वाटतं,' 'आई बोलावतेय,' वाटेल ते सांगावं. शिट्टी वाजेपर्यंत त्याचं अक्षरही खरं धरायचं नाही. शिट्टी वाजली की मात्र खोटं बंद.

बारकी आता औषधांच्या दुकानात होती, डॉक्टरांची किरटी अक्षरं वाचून वाचून तिचे डोळे तयार झाले होते. खेळ लोकांना द्यायच्या आधी कुणीतरी कोऱ्या डोक्याने खेळून बघायला हवा, म्हणून दादाने तिलाच बोलावलं. खजिना म्हणून शिट्टी ठेवली. वडील गेल्यापासून ती त्याच्या कपाटात होती, आणि बारकीने ती अनेकदा मागितली होती.

दुपार कलल्यावर बारकी आली. दादा फाटकाजवळच्या बाकावर बसला, ती त्याच्याशी फोनवर बोलत आत गेली.

"'परीच्या हातातलं पुस्तक उघडं आहे, पण पान उलटत नाही.' दगडी परी! हे काय कोडं झालं? दुसरीतलं पोरही सोडवेल," ती म्हणाली.

"चुकलीस. मागे फिर," दादा म्हणाला.

"फिरते हं," असं म्हणत ती पुढेच गेली. दोघंही हसत होती. किती दिवसांनी अशी हसली असतील.

शेवटची चिठ्ठी तिला एका खलाशाच्या थडग्याकडे नेणार होती. दगडी नांगर, त्याच्याखाली कपारीत डबी, डबीत शिट्टी. नांगरापाशी ती पोचल्याचं दादाने तिच्या धापेवरूनच ओळखलं.

"सापडली?" त्याने विचारलं.

"चिठ्ठी सापडली."

"चिठ्ठी नाही, डबी. नीट बघ."

"चिठ्ठीच आहे. ऐक. 'जिथे अक्षरं पुसली, तिथे पाऊल टाक.' छान आहे रे ही. आधीच्यांपेक्षा बरी."

दादाने ही चिठ्ठी लिहिली नव्हती.

मागच्या भिंतीकडे एक पट्टा होता, तिथल्या दगडांवर एक अक्षर उरलं नव्हतं. वाचायलाच काही नाही, म्हणून त्याने तो भाग खेळात घेतलाच नव्हता. तिथली वाटही कुंपण घालून बंद केलेली.

"बारके, ती माझी चिठ्ठी नाही," तो म्हणाला. "कुणीतरी चेष्टा केलीय. तू आहेस तिथेच थांब, मी येतो."

"दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचते मी. तुझं ओळखणार नाही? तुझा तो शेपटीवाला 'ळ' आहे इथे."

"खरंच सांगतोय गं. खेळ थांबव."

"शिट्टी वाजली का?"

आता दादा काहीही बोलला असता, आईची शपथ घातली असती, रडला असता, तरी तिला ते मांडणाऱ्याचं खोटंच वाटलं असतं. जितकं कळवळून बोलावं तितकी ती खूश होत होती. आपलाच नियम आपल्याच गळ्यात आला होता.

तो पळत सुटला. फोन कानालाच होता. तिच्या बुटांखाली वाळलेली पानं चुरत होती, आणि मग एकाएकी ती चुरायची थांबली. ती चालत होती, पण आवाज येत नव्हता.

"इथे गारवा आहे रे..." ती म्हणाली. "आणि ओल्या मातीचा वास. हे कुंपण कुठे काढून ठेवलंस?"

"बारके, परत फिर..."

"आणखी एक चिठ्ठी. 'मागे बोलावील, त्याचं ऐकू नकोस.' दादा, तू ना..." ती हसली, पण हसू अर्धवटच राहिलं.

नांगर आला. दादाने कपारीत हात घातला. डबी होती तिथेच होती, वर त्याने गुंडाळलेली दोरी जशीच्या तशी. त्याने ती दातांनी तोडली, शिट्टी काढली आणि छातीत होता नव्हता तेवढा जीव लावून फुंकली. झाडांवरचे कावळे उडाले.

फोनमध्ये बारकी अगदी हळू म्हणाली, "ऐकली... पण दादा, वाजली ती पाठीमागून. आणि तू तर माझ्यासमोर उभा आहेस."

फोन बंद झाला.

त्याने परत नंबर लावला, लागेना. तेवढ्यात भिंतीकडच्या वाटेवरून बारकी चालत आली. हात झटकत, शांत. दादाने धावत जाऊन तिला मिठी मारली आणि लहान मुलासारखा रडला.

"संपला ना खेळ?" तिने विचारलं.

"संपला. फोन कुठाय तुझा?"

"पडला कुठेतरी. असू दे."

पहारेकऱ्याने त्यांच्यामागे फाटक ओढून कुलूप घातलं. रस्त्यावर दिवे लागत होते. दादाने शिट्टी बारकीच्या हातात दिली, तिने ती न बघताच पर्समध्ये टाकली. एवढ्यात त्याचा फोन वाजला. वर बारकीचं नाव.

"दादा," आतून बारकी म्हणाली, "शिट्टी ऐकून मागे वळले, पण ती वाटच नाही आता. सगळे दगड सारखे आहेत. मला घ्यायला ये ना..."

शेजारी उभी असलेली बारकी त्याच्याकडे बघत होती. "बंद कर तो," ती म्हणाली. "खोटं बोलतंय ते."

दादाने विचारलं, "वडिलांनी शेवटचा खजिना कुठे लपवला होता?"

"पिठाच्या डब्यात," शेजारची म्हणाली. "पिठाच्या डब्यात," फोनमधली म्हणाली. एकाच दमात, एकाच आवाजात.

पहारेकऱ्याला फाटक उघडायला लावून दादाने आणि त्याने बॅटरीच्या उजेडात सगळी दफनभूमी पालथी घातली. कुंपण जागच्या जागी होतं, तारेला गंज धरलेला. सकाळी त्याच्या पलीकडे, पुसल्या अक्षरांच्या एका दगडावर बारकीचा फोन मिळाला, पाणी शिरून फुगलेला, जणू कितीतरी पावसाळे तिथे पडून असावा.

तो फोन आता दादाच्या कपाटात आहे. आणि रोज दिवेलागणीला त्यावरून दादाला फोन येतो.

घरातली बारकी वेळेवर दुकानात जाते, वेळेवर येते. आई म्हणते, पोरगी सुधारली. एवढंच, की ती आता कधी थट्टा करत नाही, कधी खोटं बोलत नाही. दादा कुणाला काय सांगणार? बहीण हरवली म्हणावं, तर ती समोर पोळ्या लाटतेय. नाही म्हणावं, तर दिवेलागणीला ती कानात रडते. तिथे तिला नवी चिठ्ठी मिळालेली असते, भीतीने तिला काही सुचत नाही, आणि ती म्हणते, दादा, सोडव ना. तो सोडवतो. न सोडवून करणार काय? ती बारकी असली, तर आपल्याशिवाय तिला कोण आहे. एक कोडं सुटलं की ती थोडी पुढे सरकते. आधी नुसते दगड होते, मग झाडं आली. परवा ती म्हणाली, लांबून गाड्यांचा आवाज येतोय.

आज आई मावशीकडे गेलेली. दादा बाहेरच्या खोलीत होता.

"दादा," फोनमधली बारकी म्हणाली, तिचा आवाज आनंदाने कापत होता, "आजची सोपी आहे वाटतं. 'दार हिरवं, कडी पितळी. माणसं दोन, ताटं तीन.' कुठे रे हे? तू सांगितलंस की मी येतेच..."

दादाने आपल्या हिरव्या दाराकडे बघितलं. उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळावं, तर बहिणीला कायमचं तिथेच सोडायचं. सांगावं, तर काय घरात घ्यायचं, ते ठाऊक नाही. ताटं दोनच आहेत, हे आपलं घर नव्हे, असं त्याने मनाशी घोकलं आणि स्वयंपाकघरात डोकावला.

बारकी तिसरं ताट पुसत होती.

"सांग तिला," ती मान वर न करता म्हणाली. "जेवण निवतंय."